वादळ शेवटी आणा : रहस्यकथेचे स्थळ उभारण्याची टप्प्याटप्प्याची पद्धत

रहस्यकथा लिहायला घेणाऱ्यांच्या पहिल्या खर्ड्यात एक चूक हटकून आढळते. पहिल्या पानावर वीज कडाडते, दुसऱ्या पानावर ओसाड हवेलीचे दार करकरते, तिसऱ्या पानावर घुबड ओरडते आणि चौथ्या पानावर खून होतो. परंतु हाच खून भर दुपारी एखाद्या लख्ख उजेडाच्या कचेरीत झाला असता तरी कथेत तसूभर फरक पडला नसता. वर्णन आधी लिहिले जाते आणि जागेचा विचार मागाहून होतो, हे या चुकीचे मूळ आहे. अभिजात रहस्यकथेत क्रम उलटा असतो. आधी जागेची वस्तुस्थिती ठरते, म्हणजे अंतरे, दारे, उजेड, आवाज आणि तिथला दिनक्रम. त्या वस्तुस्थितीमुळे पात्रांना काय करता येत नाही ते ठरते. आणि त्या अडवणुकीतून वाचकाला जे जाणवते त्यालाच आपण वातावरण म्हणतो. पुढचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत आणि तो क्रम मोडू नये. उदाहरणादाखल काही गाजलेल्या कथांचे तपशील घेतले आहेत, पण खुनी कोण हे कुठेही सांगितलेले नाही.

पूर्वतयारी : पेन्सिल घेऊन दुसरे वाचन

लिहिण्याआधी एक अभिजात रहस्यकादंबरी निवडावी, आणि ती आधी वाचलेलीच असावी, कारण शेवट ठाऊक असल्याशिवाय स्थळवर्णनात काय लपवले होते ते दिसत नाही. वाचताना जागेविषयीच्या प्रत्येक वाक्यापुढे समासात एक अक्षर लिहावे : वाक्यात पुरावा असेल तर ‘पु’, पात्रांची अडवणूक करणारी गोष्ट असेल तर ‘अ’, आणि निव्वळ रंग भरणारे असेल तर ‘रं’. चांगल्या कादंबरीत ‘रं’ अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघतात.

‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही १९०१-०२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेली कादंबरी या सरावाला उत्तम आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूरचे माळरान, दलदल आणि धुके यांमुळे ती स्मरणात राहते, पण मृत्यू जिथे झाला त्या झाडांच्या वाटेची चौकशी सत्यशोधक शेरलॉक होम्स कशी करतो ते पाहावे. कुंपण किती उंच, मधली वाट किती रुंद, दोन्ही बाजूंना गवत किती, माळरानाकडे उघडणारे फाटक कुठे, ते बंद होते का, ठसे वाटेच्या कोणत्या बाजूला होते, असे प्रश्न तो एकामागून एक विचारतो. उत्तरे आकड्यांत येतात : कुंपण १२ फूट उंच, वाट ८ फूट रुंद, फाटक सुमारे ४ फूट उंच. त्या फाटकापाशी मृत माणूस बराच वेळ उभा होता, हे सिगारची राख तिथे दोनदा झडल्यावरून कळते. त्या प्रसंगाची सगळी भीती या मोजमापांवर उभी आहे. राक्षसी कुत्र्याची दंतकथा तिच्यावर चढते.

या तयारीसाठी आलेखाच्या कागदाचे दोन-तीन ताव, वेळापत्रकाचा एक वेगळा कागद आणि एक वही पुरते.

१. गुन्ह्याची खरी हकिकत आधी लिहा

जे प्रत्यक्ष घडले ते एका पानात, रहस्य न ठेवता, कोरडेपणाने लिहून काढावे. कोणी, का, कोणत्या वाटेने, कशाने, किती वाजता, आणि नंतर काय लपवले. मग प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहावा : यासाठी जागेत काय असायला हवे?

पुढे सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण धरू. तळ्याकाठी एक जुने हॉटेल आहे, हंगाम संपला आहे, मोजकी माणसे उरली आहेत. खुनी रात्री पावणेदहाला तळमजल्यावरच्या कचेरीत मालकाला मारतो, दिवा जळताच ठेवून बाहेर पडतो आणि दहा वाजता पत्त्यांच्या खोलीत जाऊन बसतो. त्याला हवे आहे ते एवढेच, की मालक सव्वादहाच्या पुढे जिवंत होता असे कोणीतरी प्रामाणिकपणे सांगावे. जागेने ही साक्ष पुरवायची आहे. हॉटेलला वीज स्वतःच्या जनरेटरची आहे आणि तो रोज रात्री साडेदहाला बंद होतो. आदल्याच संध्याकाळी आलेली एक पाहुणी चौकापलीकडून कचेरीच्या पडद्यामागचा दिवा विझताना पाहते आणि मालकाने दिवा मालवला असे समजते.

येथे हॉटेल गूढ वाटावे म्हणून निवडलेले नाही. जनरेटर हवा होता, म्हणून ते निवडले आहे.

पडताळणी : कथा दुसऱ्या जागी उचलून नेऊन पाहावी. ती तिथेही जशीच्या तशी घडत असेल, तर हा टप्पा पुरा झालेला नाही.

२. वेढा घाला, आणि त्याचे कारण आधीच पेरा

अभिजात रहस्यकथेत संशयितांचे वर्तुळ बंद असावे लागते. बेट, हिमवर्षावात अडकलेली आगगाडी, पुराने तुटलेले गाव हे त्याचे ढोबळ प्रकार झाले. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९३४) मध्ये गाडी युगोस्लाव्हियात विंकोव्ची आणि ब्रोद यांच्या दरम्यान बर्फात रुतते. त्यामुळे माणसे अडकतात हे उघड आहे, पण त्या बर्फाकडून आणखी दोन कामे करून घेतली आहेत. मृताच्या कक्षाची खिडकी उघडी सापडते आणि बाहेरच्या बर्फावर पावलांचे ठसे नसतात, म्हणून बाहेरून कोणी आले-गेले ही शक्यता डळमळते. आणि पोलीस, जुनी कागदपत्रे, प्रयोगशाळा यांतले काहीच हाताशी नसल्यामुळे सत्यशोधक प्वारोला जबान्या आणि तर्क यांवरच भिस्त ठेवावी लागते. एका अडथळ्याने किमान दोन कामे करावीत, हा मापदंड येथून उचलण्यासारखा आहे.

आपल्या उदाहरणात हॉटेलचा एकमेव रस्ता तळ्याच्या काठाने जातो आणि पाणी चढले की बुडतो. पोलीस येऊ शकत नाहीत, हे पहिले काम. डिझेलची गाडीही येऊ शकत नाही, म्हणून जनरेटर रोज लवकर बंद करावा लागतो, हे दुसरे. त्याचा उपयोग आठव्या टप्प्यात होईल.

वेढा नेहमी पाण्याचा किंवा बर्फाचाच असायला हवा असे नाही. सगळे एकमेकांना ओळखतात अशा लहान गावात, किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात, प्रतिष्ठेची भीती तेच काम करते : बाहेर पडणे शक्य असते, पण जो बाहेर पडेल त्याच्यावर संशय येईल. हा प्रकार अवघड आहे आणि माझ्या मते अधिक टिकाऊही आहे. पहिल्या कथेसाठी मात्र पाणी बरे.

सावधान : रस्ता बंद झाल्याची बातमी खुनानंतर प्रथमच येत असेल, तर वाचकाला लेखकाचा हात दिसतो. पाणी चढत असल्याचा उल्लेख खुनापूर्वी निदान दोनदा यावा, आणि त्यांतला एक तरी उल्लेख अगदी क्षुल्लक कारणाने यावा. उदाहरणार्थ, भाजीची गाडी उशिरा आली म्हणून स्वयंपाकी कुरकुरतो.

पडताळणी : टेलिफोन, टपाल, होडी, डॉक्टर आणि शेजारी या पाचांपैकी प्रत्येकाची वाट का बंद आहे, ते एका वाक्यात लिहून ठेवावे. एक जरी वाट राहून गेली तरी वाचक तिथेच बोट ठेवतो.

३. नकाशा आणि वेळापत्रक

हा टप्पा सर्वांत रटाळ असतो आणि सर्वांत अधिक वेळा गाळला जातो. तो गाळल्याची किंमत शेवटच्या प्रकरणात मोजावी लागते, आणि तेव्हा दुरुस्तीसाठी निम्मी कादंबरी उसवावी लागते.

आलेखाच्या कागदावर प्रत्येक मजल्याचा आराखडा काढावा. दारे कोणत्या बाजूला उघडतात, खिडक्या कशावर उघडतात, जिन्याला वळण कुठे आहे, फरशी कुठे आहे आणि लाकडी तक्तपोशी कुठे, हे दाखवावे. मग तीन रंग वापरावेत. एका रंगाने कुठून काय दिसते त्याच्या रेषा ओढाव्यात, दुसऱ्याने कुठून काय ऐकू येते ते दाखवावे, आणि तिसऱ्याने चालण्याचा वेळ लिहावा. हा वेळ अंदाजाने लिहू नये. तेवढे अंतर स्वतः चालून घड्याळ लावावे. लांब व्हरांडा ओलांडायला कागदावर दोन मिनिटे वाटतात, प्रत्यक्षात अर्ध्या मिनिटाच्या आत माणूस पलीकडे पोहोचतो.

यानंतर वेळापत्रक. आडवे रकाने पाच-पाच मिनिटांचे आणि उभे रकाने माणसांचे. प्रत्येक चौकटीत तो माणूस कुठे आहे, काय पाहतो आहे आणि काय ऐकतो आहे ते लिहावे. खोटे बोलणाऱ्या पात्रासाठी दोन रकाने ठेवावेत, एक खऱ्या हकिकतीचा आणि एक त्याने सांगितलेल्या हकिकतीचा.

हा तक्ता भरताना कथेतली भोके आपोआप दिसू लागतात. आपल्याच उदाहरणात मोठे भोक आहे : जनरेटर साडेदहाला बंद होतो हे हॉटेलमध्ये जुन्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे, तर पाहुणीने दिवा विझल्याचे सांगताच कोणीतरी ‘अहो, तेव्हा सगळेच दिवे गेले’ असे म्हणणार नाही का? तक्त्यात पाहिले की उत्तरही तिथेच सापडते. दिवाणखान्यातल्या घड्याळाप्रमाणे ती सव्वादहाला सर्वांचा निरोप घेऊन निघाली, म्हणून ती सांगते तो क्षण सगळे सव्वादहाचाच धरतात. वास्तविक ती जिन्याच्या वळणावरच्या खिडकीशी पाऊस पाहत पाऊण तास नव्हे, पण पाव तास सहज उभी राहिली होती. तिच्या हातावर घड्याळ नव्हते. जिन्यावरचा दिवा तर दोन दिवसांपूर्वीच जळून गेला होता आणि म्हणून तिच्या हातात मेणबत्ती होती. त्यामुळे आजूबाजूचे दिवेही गेले हे तिला कळले नाही. एका भोकापायी पाऊस, जळका दिवा, मेणबत्ती आणि घड्याळ नसलेला हात अशा चार वस्तू कथेत आल्या, आणि या चारही वस्तू ‘वातावरणा’च्या म्हणून वाचकाच्या डोळ्यांवरून बिनबोभाट निघून जातील.

सावधान : नकाशा कादंबरीत छापायचा की नाही हा निर्णय नंतरचा. छापलात तर वाचक पट्टी घेऊन बसणार हे गृहीत धरावे. मजकुरात डाव्या हाताला असलेले दार नकाशात उजवीकडे गेले, तर उरलेल्या सगळ्या पुराव्यांवरचा त्याचा विश्वास उडतो.

४. रोजचा क्रम दाखवा

एखादी गोष्ट बिघडली आहे हे कळण्यासाठी ती बिघडण्यापूर्वी कशी चालत होती हे वाचकाला माहीत असावे लागते. खुनापूर्वी त्या जागेचा एक साधा दिवस दाखवावा : घड्याळाला चावी कोण देतो, जेवणाची घंटा कधी होते, कोणती दारे रात्री बंद होतात आणि किल्ल्या कुठे टांगतात, टपाल कोण उघडतो. नव्या लेखकांना हा भाग संथ वाटतो, म्हणून ते तो कापतात. मग खुनानंतर एखादे दार उघडे सापडते आणि वाचकाला काहीच वाटत नाही, कारण ते दार बंद असायला हवे होते हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

संथपणा टाळण्याचा मार्ग असा, की नित्यक्रम कोणाच्या तरी तक्रारीतून, भांडणातून किंवा विनोदातून सांगावा. आपल्या हॉटेलात पत्ते खेळणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. दिवा पिवळा पडू लागला की ते हातातली पाने डोळ्यांजवळ नेऊन ‘ऐन रंगात आलेला डाव या यंत्राला बघवत नाही’ असे म्हणून वैतागतात आणि सगळे हसतात. त्या हसण्यात दोन गोष्टी वाचकाच्या हाती पडतात : जनरेटर ठरावीक वेळी बंद होतो, आणि तो बंद होताना दिवे एकदम जात नाहीत, आधी मंदावतात.

पडताळणी : उलगड्यासाठी लागणारी प्रत्येक सवय खुनापूर्वी घडताना दिसली आहे का? नुसती सांगितलेली सवय वाचक विसरतो.

५. वर्णनाच्या पोटात पुरावा लपवा

अभिजात रहस्यकथेचा करार असा, की सत्यशोधकाला जे दिसते ते वाचकालाही दिसले पाहिजे, फक्त त्याचे महत्त्व कळता कामा नये. स्थळवर्णन ही लपवण्याची सर्वांत सोयीची जागा, कारण वर्णन वाचताना लक्ष सैल झालेले असते.

ॲगाथा ख्रिस्ती यांच्या १९२० मधील पहिल्या कादंबरीत, ‘द मिस्टिरियस अफेअर ॲट स्टाइल्स’मध्ये, याचा नमुना आहे. काळ पहिल्या महायुद्धाचा. सुरुवातीलाच घराची मालकीण अभिमानाने सांगते, की या घरात काहीही वाया जात नाही, कागदाचा कपटासुद्धा जमवून पोत्यांत भरून पाठवला जातो. वाचक हे युद्धकाळाचे रंगकाम समजून पुढे जातो. नंतर कळते, की मृत्यूच्या दिवशी सावलीतसुद्धा ८० अंश फॅरनहाइट तापमान असताना त्या बाईंनी खोलीत शेगडी पेटवायला सांगितली होती. प्वारो या दोन गोष्टी शेजारी ठेवतो : जिथे रद्दीही फेकली जात नाही अशा घरात जाडजूड दस्तऐवज नाहीसा करायचा असेल, तर तो जाळण्यावाचून उपाय नाही. या काटकसरीवाचून हा तर्क बांधताच आला नसता. देश, काळ, ऋतू आणि घराची शिस्त या चारही गोष्टी एका पुराव्यात विणल्या गेल्या आहेत, आणि दोन्ही टोके वाचकासमोर उघड्यावर ठेवलेली आहेत.

लपवण्याच्या काही रीती हाताशी असाव्यात. पुराव्याची वस्तू तीन-चार वस्तूंच्या यादीत मधे ठेवावी. यादीची सुरुवात आणि शेवट लक्षात राहतो, मधला भाग निसटतो. पुराव्यानंतर लगेच काहीतरी घडवावे, म्हणजे कोणीतरी हाक मारावी किंवा कप पडावा, म्हणजे वाचकाला विचार करायला उसंत मिळत नाही. पुराव्याला आधीच एक चुकीचे, पण पटण्यासारखे कारण देऊन टाकावे. ही शेवटची रीत सर्वांत परिणामकारक आहे. ‘द स्पेकल्ड बँड’ (१८९२) मध्ये घराच्या भिंतीचे काम काढल्यामुळे तरुणीला मृत बहिणीच्या खोलीत झोपावे लागते. डागडुजी हे इतके रोजचे कारण आहे, की त्यामागे कोणाचा हेतू असेल अशी शंका चटकन येत नाही. त्याच खोलीत जमिनीला जखडलेला पलंग, कोणत्याही घंटेला न जोडलेली घंटेची दोरी आणि बाहेरच्या हवेऐवजी शेजारच्या खोलीत उघडणारा झरोका आहे. या तिन्ही वस्तू होम्सबरोबर वाचकही पाहतो. प्रत्येक वस्तू नुसती चमत्कारिक आहे; तिन्ही एकत्र आल्या की अंगावर काटा येतो.

पाहुणीच्या जबानीतही हीच रीत वापरता येईल. ती म्हणते, ‘पाऊस चालूच होता, चौकातली कुंडी भरून वाहत होती, मालकांच्या खिडकीतला उजेड पिवळा पिवळा होत गेला आणि मग अंधार झाला, मला एकदम फार एकटे वाटले.’ वाचकाचे मन तिच्या एकटेपणाकडे वळते. बटण दाबून मालवलेला दिवा पिवळा होत जात नाही, हे त्याला त्या क्षणी सुचत नाही.

सावधान : पुराव्याची वस्तू कथेत एकदाच येऊ नये आणि चारदाही येऊ नये. एकदा आली तर उलगडा अन्यायाचा वाटतो, चारदा आली तर वाचक आधीच ओळखतो. दोनदा, आणि दोन वेगळ्या पात्रांच्या तोंडून, हे प्रमाण सहसा जमते.

६. हवामानाला काम द्या

आता पाऊस, धुके आणि वादळ यांना आत घ्यायला हरकत नाही. अट एकच : हवामानाने कोणाची तरी योजना बिघडवावी किंवा कोणाचा तरी पुरावा निर्माण करावा अथवा पुसावा. बास्करव्हिल प्रकरणाच्या शेवटी धुके पसरते तेव्हा ते भीतिदायक वाटते, कारण होम्सचा सापळा वाटेवर नजर ठेवण्यावर अवलंबून आहे, ज्याला वाचवायचे तो माणूस अजून घरातून निघालेला नाही, आणि धुक्याची भिंत मिनिटामिनिटाला वाटेकडे सरकते आहे. तिथले धुके घड्याळाचे काम करते.

भीतीसाठी अंधार लागतोच असेही नाही. ‘अँड देन देअर वेअर नन’ (१९३९) मधले बेटावरचे घर नवे, आधुनिक आणि भरपूर उजेडाचे आहे. त्यात अंधारे कोपरे नाहीत, हे कादंबरीतच स्पष्टपणे म्हटले आहे. लपायला जागा नसलेल्या घरात माणसे मरत जातात, म्हणून ते घर अधिक भयाण होते.

पडताळणी : खर्ड्यातले हवामानाचे प्रत्येक वाक्य तात्पुरते खोडून पाहावे. कथानकाला काहीच झाले नाही, तर ते खोडलेलेच राहू द्यावे.

७. आता परिच्छेद लिहा

येथपर्यंत आल्यावर लेखकाजवळ एवढी वस्तुस्थिती जमलेली असते, की विशेषणांची गरज कमी पडते. एकच प्रसंग दोन प्रकारे पाहू. पहिला असा :

‘रात्र भयाण होती. जुन्या हॉटेलच्या भिंतींतून एक अनामिक भीती पाझरत होती. काळोखात काहीतरी अघटित दबा धरून बसले आहे असे तिला वाटले आणि तिच्या अंगावर शहारे आले.’

दुसरा असा :

‘जिन्याच्या वळणावर ती थांबली. मेणबत्तीच्या उजेडात खालच्या चार पायऱ्या दिसत होत्या, पाचवी दिसत नव्हती. पत्त्यांच्या खोलीतले हसणे थांबले होते. व्हरांड्यातल्या तक्त्यावर पाऊल पडल्यासारखा आवाज झाला, मग बराच वेळ दुसरे पाऊल पडले नाही.’

पहिल्या परिच्छेदात भीतीची नावे आहेत आणि जागा कुठेच नाही. दुसऱ्यात भीती हा शब्दही नाही, पण चालणारा माणूस थांबला आहे आणि तो अजून तिथेच असला पाहिजे, हे वाचक स्वतः ताडतो. असे लिहिता येते, कारण नकाशावर लाकडी तक्तपोशी कुठे आहे हे आधीच ठरलेले होते.

दृष्टिकोनाचेही भान ठेवावे. ज्याच्या डोळ्यांनी जागा दिसते त्याला जेवढे ठाऊक, तेवढेच लिहावे. नव्या पाहुणीला जिना परका आहे, जुन्या नोकराला तोच जिना पायांना पाठ आहे. दोघांनाही एकाच शब्दांत जिना दिसला, तर निवेदक खोटा पडतो. कथा सत्यशोधकाच्या सोबत्याने सांगण्याची जुनी प्रथा येथे फार उपयोगी पडते, कारण तो सगळे पाहतो, प्रामाणिकपणे नोंदवतो आणि चुकीच्या गोष्टीला घाबरतो.

८. जागा आक्रसत न्या

ताण वाढवण्यासाठी नवे प्रेत लागते अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात माणसांना सुरक्षित वाटणारी जागा लहान होत गेली, की ताण वाढतो. वर उल्लेखलेल्या बेटावरच्या कादंबरीतला कळीचा प्रसंग म्हणजे शोधमोहीम. तिघे पुरुष आधी बेट आणि मग घर पिंजून काढतात आणि त्यांना कोणीही सापडत नाही. तोवर भीती बाहेरच्या कोणाची होती. रिकाम्या हाती परतताच ती जेवणाच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचते. पुढे वीजयंत्र चालवणारा नोकर उरत नाही, दिवे बंद पडतात आणि मेणबत्त्या येतात. एकही खोली बदललेली नसते, तरी प्रत्येक खोली बदलते.

हे साधण्यासाठी एक जागा निवडून तिथे निदान तीनदा परत यावे, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. पहिल्यांदा पत्त्यांची खोली भरलेली आणि उजेडाची. दुसऱ्यांदा एक खुर्ची रिकामी. तिसऱ्यांदा सगळ्या खुर्च्या भिंतीला पाठ लावून ठेवलेल्या, कारण आता कोणालाच दाराकडे पाठ करून बसायचे नाही. तिसऱ्या वेळी खुलाशाचे वाक्य लिहू नये.

आपल्या हॉटेलात डिझेल संपत आल्यामुळे दुसऱ्या रात्री जनरेटर साडेनऊलाच बंद करतात, तिसऱ्या रात्री आठला. आता वेढा, नित्यक्रम आणि पुरावा एकत्र येतात. दुसऱ्या रात्री दिवे जाण्याच्या वेळी पाहुणी प्रथमच सर्वांबरोबर दिवाणखान्यात बसलेली असते आणि डोक्यावरचा दिवा पिवळा पडू लागतो. ती बोलता बोलता थांबते. दिवा जातो, कोणीतरी काडी ओढते, आणि त्या उजेडात खुनी तिच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. तिला कळले आहे, तिला कळल्याचे त्याला कळले आहे, आणि रस्ता अजून दोन दिवस पाण्याखाली राहणार आहे.

सावधान : सलग चढता ताण वाचकाला बधिर करतो. दोन चढांच्या मधे सकाळ, चहा, एखादा किरकोळ वाद यावा. मात्र त्या विसाव्यातही एक पुरावा सरकवून ठेवावा. वाचक तेव्हाच सर्वांत बेसावध असतो.

९. उलगडा त्याच जागेत करा

उलगड्यात नवी जागा आणू नये. तोपर्यंत न दिसलेले तळघर, अचानक सापडलेला चोरजिना, शेजारच्या खोलीत उघडणारे गुप्त कपाट हे सगळे करारभंगाचे प्रकार आहेत. रोनल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे जे दहा नियम मांडले त्यांत एकापेक्षा अधिक गुप्त खोली किंवा भुयार नसावे असा एक नियम आहे; आणि ते एकही अशाच घरात असावे, जिथे असे काही असणे स्वाभाविक वाटेल, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती.

शक्य असेल तर सत्यशोधकाने नुसते बोलू नये, करून दाखवावे. हॉटेलात तो पाहुणीला पुन्हा जिन्याच्या वळणावर उभे करतो आणि कचेरीतला दिवा आधी बटणाने मालवतो, मग जनरेटर बंद करायला लावून विझवतो. दोन विझण्यांतला फरक सगळे डोळ्यांनी पाहतात. फार तर पान-दीड पान पुरते, कारण जागा आधीच पाठ झालेली असते.

१०. शेवटची फेरतपासणी

खर्डा आठवडाभर बाजूला ठेवून मग पुढील कामे याच क्रमाने करावीत.

एक, नकाशा न पाहता केवळ मजकुरावरून दुसऱ्या कोणाला तरी जागेचा आराखडा काढायला सांगावा. त्याचा कागद आपल्या कागदाशी जिथे जुळत नाही, तिथला मजकूर पुन्हा लिहावा.

दोन, पूर्वतयारीत दुसऱ्याच्या कादंबरीवर लिहिली तीच अक्षरे, ‘पु’, ‘अ’ आणि ‘रं’, आता स्वतःच्या खर्ड्यावर लिहावीत. सलग दोन ‘रं’ वाक्ये आढळली, की त्यांतले एक कापावे.

तीन, ‘भयाण’, ‘गूढ’, ‘अनामिक’, ‘अघटित’ आणि ‘शहारे’ हे शब्द खर्ड्यात शोधावेत. जिथे सापडतील तिथे जागेची कोणती वस्तुस्थिती लिहायची राहून गेली ते पाहावे आणि ती लिहून शब्द काढून टाकावा.

चार, वेळापत्रक मजकुराशी पुन्हा ताडून पाहावे. विशेषतः संपादनात एखादा प्रसंग पुढेमागे केला असेल तर घड्याळाचे, भरतीचे, चंद्राचे आणि दिव्याचे उल्लेख हमखास मागे राहतात.

पाच, पहिले प्रकरण उघडावे. तिथे अजूनही वीज कडाडत असेल, तर ती त्या रात्री कोणाची काय अडचण करते हे स्वतःला विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर कथा दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू करावी.